पेपर वाचूया : विकिपीडियावरचा उत्पात आणि खूण न सोडणारं काम

केस स्टडी कसा लिहावा असं कुणी विचारलं, की मी एक पेपर हमखास सुचवते. स्टुअर्ट गायगर आणि डेव्हिड रिब्स यांचा, 2010 च्या सीएससीडब्ल्यू परिषदेतला ‘द वर्क ऑफ सस्टेनिंग ऑर्डर इन विकिपीडिया: द बॅनिंग ऑफ अ व्हँडल’. पेपर उत्तमच आहे. पण त्यातून एक चुकीचा धडाही सहज उचलला जातो. संशोधनाचा प्रस्ताव लिहिण्याआधी तो लक्षात आलेला बरा.

आधी पेपर काय म्हणतो ते पाहू. इंग्रजी विकिपीडियावर एक निनावी माणूस एकामागून एक लेख बिघडवत जातो. वेगवेगळे स्वयंसेवक त्याचे बदल उलटवतात, इशारे देतात आणि शेवटी एक प्रचालक त्याच्यावर बंदी घालतो. गंमत अशी, की या लोकांनी आपसात बसून काही ठरवलेलं नसतं. मग समन्वय होतो कुठे? त्या माणसाच्या चर्चापानावर. हगल नावाच्या साधनात संशयास्पद बदल रांगेने समोर येतात. एक कळ दाबली की बदल उलटतो आणि इशाराही जातो. आधी कुणी पहिला इशारा दिला असेल तर हगल तो वाचतं आणि पुढच्या पातळीचा टाकतं. चौथ्या इशाऱ्यानंतरही उत्पात थांबला नाही, तर प्रकरण प्रचालकांकडे जातं. म्हणजे ‘हा माणूस आधीही असंच वागलाय’ ही आठवण कुणा एकाच्या डोक्यात राहावी लागत नाही, ती पानावरच असते. एडविन हचिन्स यांनी जहाजावरच्या दिशादर्शनाबद्दल जे मांडलं होतं, की आकलन माणसं आणि उपकरणं यांच्यात वाटलेलं असतं, ते लेखक इथे लावून दाखवतात.

पद्धतही शिकण्यासारखी आहे. लेखक तिला ‘ट्रेस एथ्नोग्राफी’ म्हणतात, म्हणजे खुणांवरून माग काढणं. बदलाच्या सारांशात ‘एचजी’ अशी दोन अक्षरं दिसली, की तो बदल हगलमधून आला हे जाणकाराला कळतं. अशा बारीक खुणा जोडत त्यांनी अख्खा प्रसंग उभा केलाय. यासाठी ती साधनं आतून माहीत असावी लागतात, नुसता डेटा उतरवून भागत नाही.

आता माझी पहिली हरकत. शीर्षकातच आहे बघा: बंदी घातलेला उत्पाती. म्हणजे निवडलेला प्रसंग समन्वय यशस्वी झाल्याचा आहे. इशाऱ्यांची शिडी चालते, कारण तो माणूस त्याच पत्त्यावरून येत राहतो. पैशासाठी जाहिराती घुसवणारा असा वागत नाही. खातं बंद झालं की तो नवं उघडतो, आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीवर येते. अशा माणसाशी झगडताना आठवण खात्याला चिकटवून उपयोग नसतो, ती दुव्याला चिकटवावी लागते. म्हणून मीडियाविकीत दुव्यांची काळी यादी असते. संकेतस्थळ यादीत गेलं की कुठल्याही खात्यावरून तो दुवा घालून पान जतन होत नाही. इथे स्वयंसेवकांचं काम बदलतं. यादीत काय घालायचं, कोणत्या पुराव्यावर, आणि चुकून गेलेलं बाहेर कसं काढायचं, यावर चर्चा करावी लागते. न बोलता होणारा समन्वय इथे पुरत नाही.

दुसरी हरकत पद्धतीबद्दल आहे. 31 ऑगस्ट 2015 ला इंग्रजी विकिपीडियावरचं ‘ऑरेंजमूडी’ प्रकरण जाहीर झालं. 381 खाती बंद केली गेली, 210 लेख हटवले गेले. नाकारलेल्या मसुद्यांचे विषय असलेल्या लोकांना आणि व्यवसायांना गाठून, जुने संपादक असल्याची बतावणी करत पैसे मागितले जात होते. लेख लागल्यावर तो ‘सांभाळण्यासाठी’ पुन्हा पैसे. सरळ खंडणीच म्हणा ना. यामागे स्वयंसेवकांचा कित्येक आठवड्यांचा तपास होता. खात्यांची तांत्रिक माहिती मोजक्याच विश्वासू सदस्यांना पाहता येते आणि ती उघड करता येत नाही. शिवाय अशा तपासात सापडेल तसं एकेक खातं बंद केलं तर बाकीची सावध होतात. त्यामुळे दिसत असूनही हात आवरून थांबणं, हाच समन्वयाचा मोठा भाग असतो. थांबण्याची खूण इतिहासपानावर कशी उमटणार? खुणा मोजणाऱ्याला ते आठवडे रिकामे दिसतील.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नवीन नाही. डिटेक्टरला जे कण दिसतच नाहीत, ते नाहीतच असं आपण लिहीत नाही. मग समाजाबद्दल लिहिताना हे भान कुठे जातं?

एक गोष्ट मात्र लेखकांच्या बाजूने सांगायला हवी. साधनं तटस्थ नसतात हे त्यांनी ओळखलं होतं. त्याची किंमत पुढे 2013 मध्ये हाफेकर आणि सहकाऱ्यांच्या पेपरमध्ये दिसली, आणि त्या सहकाऱ्यांत गायगर स्वतः होते. उत्पात रोखायला उभारलेल्या याच यंत्रणेत चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचेही बदल उलटले जात होते आणि ते टिकत नव्हते. 2007 नंतर इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक घटले, त्यामागचं हे एक कारण.

‘हीच पद्धत मराठी विकिपीडियाला लावते’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर जरा थांबा. 1 मे 2003 ला सुरू झालेला हा प्रकल्प आहे, पण माणसं थोडी. चारजण एकमेकांना ओळखत असतील तर एका फोनवर काम होतं. तुम्ही ‘अलीकडील बदल’ मोजाल, इशारे कमी दिसतील आणि ‘इथे समन्वय नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. ज्या माणसांनी रात्री जागून जाहिराती काढल्या, त्यांचं काम तुमच्या प्रबंधात नसेलच.

म्हणून पेपर जरूर वाचा, पद्धतही उचला. फक्त पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद जास्तीचा लिहा: माझ्या डेटात कोणतं काम खूण सोडत नाही, आणि ते करणाऱ्या किमान दोघा-तिघांशी मी बोललेय का? परिच्छेद लिहिता येत नसेल, तर आधी मुलाखती घ्या.