एकनिष्ठ पुरवठ्याची अट आणि न्यायालयीन मनाई : ‘गुजरात बॉटलिंग’ निकालाची चिकित्सा

प्रस्तावना

एकाच खरेदीदाराला माल देण्याचे मान्य करून पुरवठादार तोच माल अन्यत्र विकू लागला, तर खरेदीदारापुढे दोन मार्ग उरतात : नुकसानभरपाई मागणे किंवा मनाई हुकूम मिळविणे. दुसऱ्या मार्गासंबंधी ‘गुजरात बॉटलिंग कंपनी विरुद्ध कोका कोला कंपनी’ (१९९५) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधारभूत मानला जातो. प्रस्तुत लेखात या निकालाची चिकित्सा कॉटन ग्रीन येथील कापूस व्यापाराच्या संदर्भात केली आहे.

निकालाचे स्वरूप

करार चालू असेपर्यंत अन्य कंपन्यांची शीतपेये तयार करावयाची नाहीत, अशी अट बाटलीबंद पेये तयार करणाऱ्या कंपनीने १९९३ च्या करारात स्वीकारली होती. पुढे तिचे भाग प्रतिस्पर्धी पेप्सीच्या बाजूस गेले आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात आला. तेथे मिळालेली अंतरिम मनाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ व्यापारास प्रतिबंध करणारा करार शून्य ठरविते. मात्र कराराच्या मुदतीपुरते बंधन सर्वसाधारणपणे या कलमात येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते अवाजवी, जाचक वा एकतर्फी असल्यास गोष्ट वेगळी. ही भूमिका १९६७ च्या ‘गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग’ या निकालातही दिसते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४२ प्रमाणे ‘माल पुरवा’ असा आदेश देता येत नसला, तरी ‘इतरांना विकू नका’ ही नकारात्मक अट न्यायालय मनाईने पाळावयास लावू शकते.

चिकित्सा

निकालाची दिशा योग्य आहे. परंतु त्याचा सरसकट वापर धोक्याचा आहे. शीतपेयाच्या व्यापारात नाममुद्रा व बाजारातील पत हीच खरी मालमत्ता असते आणि तिची हानी पैशात मोजणे कठीण असते. रुईच्या गाठींचे तसे नाही. धाग्याची लांबी व प्रत ठरली की तसा माल दुसऱ्या जिनरकडूनही मिळू शकतो. भावातील फरक हिशेबाने निघतो. येथे ‘भरून न येणारी हानी’ सिद्ध करणे वादीला जड जाते. विशिष्ट प्रतीची रुई अन्यत्र मिळतच नसेल, तर मात्र पारडे फिरते.

दुसरी बाब सौदाशक्तीची. एखाद्या सूतगिरणीने लहान जिनरला वर्षभर बांधून घेतले, माल उचलला नाही, पैसेही थकविले आणि त्याने गाठी दुसरीकडे विकल्यावर मनाई मागितली, असे समजा. कलम ४२ च्या परंतुकानुसार स्वतःचा भाग न पाळणाऱ्या वादीला ही मनाई मिळू शकत नाही. ‘गुजरात बॉटलिंग’च्या चर्चेत मुदतीच्या मुद्द्यापुढे हे परंतुक अनेकदा झाकोळते, लहान पुरवठादाराचे खरे संरक्षण मात्र त्यातच आहे.

एकाधिकाराचा धडा

१९२१ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनमुळे कॉटन ग्रीन हे कापूस व्यापाराचे केंद्र बनले. पुढे महाराष्ट्र शासनाने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू केली. एकनिष्ठा येथे कराराने नव्हे, कायद्याने लादली गेली. तरीही शेजारच्या राज्यांत भाव चढा असला की कापूस सीमेपलीकडे जाई. बंदी होती, पण उत्पादकाला योग्य भाव व वेळेवर चुकारा मिळेल ही खात्री नव्हती. जी निष्ठा कायद्यालाही टिकविता आली नाही, ती केवळ मनाई हुकमाने टिकेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

निष्कर्ष

मनाई हे खरेदीदाराचे वैध साधन आहे. परंतु प्रथमदर्शनी बाजू, सोयीगैरसोयीचा तोल आणि भरून न येणारी हानी या कसोट्यांबरोबरच वादीचे स्वतःचे वर्तन आणि पुरवठादाराच्या उपजीविकेवरील परिणाम न्यायालयाने तपासले पाहिजेत. ज्याने दिलेला शब्द पाळला, त्यालाच दुसऱ्याचा शब्द पाळून घेण्याचा हक्क आहे.