ताजमधला फॉक्सट्रॉट आणि विस्मृतीतले वादक

नरेश फर्नांडिस यांचा ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हा इंग्रजी ग्रंथ २०१२ साली रोली बुक्सने प्रसिद्ध केला. मुंबईतील जाझयुगाचा हा इतिहास होय. क्रिकेट स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाच्या वृंदाने १९३६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या एका नृत्यधुनेवरून ग्रंथाचे नाव घेतले आहे.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपला वृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. मायदेशी वर्णभेद सोसणारे हे कलावंत येथील गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचे गुरू ठरले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. कावसजी खटाव हा पारशी तरुण ‘रूडी कॉटन’ झाला. लेखकाने हे सारे जिव्हाळ्याने, पण भाबडेपणा टाळून सांगितले आहे. नाचघरांच्या झगमगाटाबरोबर वसाहती समाजातील उच्चनीचभावही ते दाखवितात, हा ग्रंथाचा मोठा गुण आम्ही मानतो.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याने नाचघरांच्या मिळकतीवर आघात केला. वादकांना आधार मिळाला तो चित्रपटसृष्टीत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेटचा वृंद पडद्यावरही झळकतो. संगीतकार चाल गाऊन दाखवी; पण पन्नास वाद्यांनी ती एकत्र वाजवावयाची, तर प्रत्येकाचा भाग स्वरलिपीत लिहिणारा जाणकार हवा. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबास्टियन डिसोझा यांनी केले. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. शिष्याने ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) गुरूचे नाव अजरामर केले. पण गुरूचे खरे कार्य किती प्रेक्षकांस ठाऊक होते?

येथे आमची एक अपेक्षा अपुरी राहते. ही स्वरलिपी या मुलांना कोठे मिळाली? गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत. धर्मशिक्षणाबरोबर मेस्त मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवीत, ते मिस्सेच्या गायनासाठी. मुंबईतील जाझची आणि हिंदी चित्रसंगीताची एक पायाभरणी त्या साध्या ओसरीवर झाली. या शाळांना ग्रंथात अधिक ऐसपैस जागा मिळावयास हवी होती, असे आम्हांस वाटते.

नाचघर म्हटले की आपल्या घरांतून भुवया उंचावतात. मद्य आणि जागरण यांचे धोके आम्ही नाकारीत नाही. परंतु श्रीमंतांच्या करमणुकीची ती जागा वादकाच्या दृष्टीने कामाची पाळी होती. घाम गाळून तो गावाकडे पैसे धाडीत होता. त्याचा न्याय जागेवरून न करता कामावरून करावा, ही समज ग्रंथ वाचताना येते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. आपण घडविलेला सुटा भाग ज्या गाडीत बसतो, तिच्यावर नाव दुसऱ्याचेच असते. वाद्यरचनाकारांचे तेच झाले. श्रेयनामावलीत ते फार तर ‘सहायक’ म्हणून आले, पुष्कळदा तेवढेही नाही. सिराकपुत्राच्या ग्रंथात नामवंतांच्या स्तुतीबरोबर, ज्यांची स्मृती उरली नाही अशांचीही आठवण केली आहे. श्री. फर्नांडिस यांनी नेमके तेच पुण्यकर्म केले आहे.

आज आपल्या गायनवृंदांतील अनेक मुले कीबोर्डातील तयार ठेक्यावर बोटे फिरवितात. स्वरलिपी वाचणारी थोडी. उपकरण सोयीचे खरे, पण त्या मेस्तांनी दिलेली विद्या ते देऊ शकत नाही. धर्मग्रामात स्वरलिपी जाणणारी एक जरी ज्येष्ठ व्यक्ती असेल, तर आठवड्यातील एक तास तिच्यासाठी मुलांनी आणि पालकांनी राखावा. ग्रंथ इंग्रजीत आहे. घरातील तरुणांनी तो वाचून वडीलधाऱ्यांना मराठीत सांगावा. कदाचित ऐकता ऐकता आजोबांच्याच तोंडून एखाद्या विसरलेल्या वादकाचे नाव बाहेर पडेल. ते लिहून ठेवावे.