झीलकऱ्यांविना शाहीर

साम्यवादी राजवटीतील बंडखोर गीतकार-गायक ही कोटी आपल्याकडे शाहिरांच्या संदर्भात सहज वापरली जाते. व्होल्फ बियरमान, अलेक्सांद्र गालिच, व्लादिमिर विसोत्स्की ही नावे उच्चारली, की पाठोपाठ अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख ही नावे येतात आणि साम्य जणू सिद्ध होते. दोघांच्याही गाण्यांत सत्तेचा निषेध आहे एवढ्यावर हे साम्य उभे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते आशयापुरते आहे. गाणे कोणाच्या कंठातून, कोणत्या वाटेने श्रोत्यापर्यंत पोचते हा प्रश्न त्यात सुटून जातो. आणि गीताच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम मानता येत नाही.

बियरमानचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. हाम्बुर्गच्या कम्युनिस्ट कुटुंबातला, वडील आउश्वित्सला मारले गेलेला हा मुलगा १९५३ मध्ये स्वेच्छेने पूर्व जर्मनीत गेला. १९६५ च्या अखेरीस त्याच्या गायनावर आणि प्रकाशनावर बंदी आली. नंतरचा त्याचा ध्वनिमुद्रित संग्रह त्याच्या पूर्व बर्लिनमधील राहत्या घरातच मुद्रित झाला, पश्चिमेत प्रसिद्ध झाला. त्याला घराचाच पत्ता हे नाव आहे आणि गाण्यांमागे रस्त्यावरची रहदारी ऐकू येते. नोव्हेंबर १९७६ मध्ये कोलोन येथील कार्यक्रमानंतर त्याचे नागरिकत्वच काढून घेण्यात आले. हा कवी साम्यवाद सोडून गेलेला नव्हता. त्याचे भांडण साम्यवादाच्याच नावाने चालले होते. रंगमंच, ध्वनिमुद्रिका, नभोवाणी हे सर्व राज्याच्या हाती असताना उरते ती खोली, गिटार आणि एक कंठ. मॉस्कोतही तेच घडले. विसोत्स्कीचा हयातीत एकही काव्यसंग्रह निघाला नाही. त्याचे गाणे टेपवरून टेपवर उतरत देशभर गेले. म्हणजे या गायकांचा एकाकी 'मी' जितका रोमँटिक काव्यपरंपरेतून आला, तितकाच तो बंदीने घडवलेला आहे.

मराठीत एकट्या कंठाचा इतिहास अगदी वेगळा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' १९३० च्या दशकाच्या प्रारंभी जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि भावगीताची वाट रुळली. मेहकरसारख्या गावी वकिली करणाऱ्या कवीचे शब्द कवीच्या आधी, त्याच्या संग्रहाच्या तर कितीतरी आधी (संग्रह १९५४ चा) घरोघर पोचले. येथेही एकटा आवाज यंत्रावर स्वार होऊन खासगी खोलीत शिरतो. पण हे यंत्र कंपनीचे होते, आणि त्याने 'मी'ला प्रणयाची, हुरहुरीची, रानवाटांची मुभा दिली. नाघंच्या कवितेचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र मराठी गीतातील प्रथमपुरुषी एकवचन पुढे दीर्घकाळ भावगीताच्या ताब्यात राहिले, आणि निषेधाच्या वाट्याला अनेकवचन आले, ही विभागणी त्याच दशकात पक्की होऊ लागली असे म्हणता येते.

लाल बावटा कलापथक हे या अनेकवचनाचे ठळक रूप. साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर या तिघांनी १९४० च्या दशकात ते उभे केले. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, डफ तिला रेटतो; समोरचा कामगार झील धरू लागला की श्रोता आणि गायक ही सीमाच पुसते. साठ्यांनी तमाशाच्या गणातून गणपती काढून तेथे मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले. पण गण ठेवला. हा बदल समूहाच्या मान्यतेवर उभा आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या प्रयोगांवर बंदी घातली, तेव्हा पथकामागे पक्ष होता, गिरणगाव होते. बियरमानच्या मागे यांपैकी काहीच नव्हते. बंदीचे नाव एकच. पण एकीकडे ती समूहावर येते, दुसरीकडे समूहापासून तोडते.

साठ्यांची प्रतिभा मात्र या विभागणीत मावत नाही. 'माझी मैना' ही छक्कड विरहाच्या 'मी'पासून निघते आणि संयुक्त महाराष्ट्रात न आलेल्या सीमाभागाच्या दुःखाशी येऊन भिडते. भावगीताने राखून ठेवलेले एकवचन शाहिराने परत मिळवले, हे या रचनेचे खरे बंड. केवळ चळवळीचे गीत म्हणून तिची बोळवण करणारी समीक्षा अर्धेच ऐकते. आंबेडकरांना स्मरून त्यांनी रचलेल्या गीतातही हाच 'मी' आहे. वर्गाच्या परिभाषेत न मावणारा अनुभव कम्युनिस्ट शाहीर तेथे स्वतःच्या नावावर मांडतो.

१९६१ मध्ये साठे रशियाला गेले. त्याच सुमारास मॉस्कोत विसोत्स्कीची पहिली गाणी तयार होत होती. पाहुण्याच्या कानी ती पडणे शक्य नव्हते, आणि आज त्यांना त्याबद्दल धारेवर धरणे ही पश्चातबुद्धीच ठरेल.

बियरमानच्या अधिक जवळ जाणारा मराठी गायक शोधायचा तर तो विलास घोगरे. मुंबईच्या झोपडवस्तीत राहणारा हा दलित शाहीर डाव्या आव्हान नाट्य मंचाचा गायक. आणि याच संघटनेने पुढे त्याला दूर केले. येथे शाहिराला एकटे पाडणारे राज्य नव्हते, हा कळीचा फरक. झीलकरी गेल्यावर त्याच्या रचनेला उभे राहायला खासगी खोलीची, टेपची, गिटारची परंपरा पाठीशी नव्हती; त्याचा घाटच दुसऱ्याच्या प्रतिसादावर बांधलेला होता. पोलिटब्युरोने निर्माण केलेले एकटेपण कलेत रूपांतरित होऊ शकले. संघटनेने निर्माण केलेल्या एकटेपणासाठी शाहिरीकडे घाट नव्हता. आपल्या समीक्षेकडे त्यासाठी संज्ञाही नाही, कारण ती शाहिराला नेहमी पथकासह पाहते.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. चार दिवसांनी घोगरेंनी आपले जीवन संपवले; त्यांच्या डोक्याला निळे कापड बांधलेले होते. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'चा आरंभ येथूनच होतो. त्याच दिग्दर्शकाच्या १९८५ मधील 'हमारा शहर' या चित्रपटात घोगरेंचे गाणे आहे, आणि ते आजही ऐकता येते.