म्युझिक व्हिडिओचा ऱ्हास आणि नाममुद्रेचा प्रश्न

प्रास्ताविक

म्युझिक व्हिडिओचा दर्जा घसरला आणि त्याचे महत्त्वही ओसरले, असे विधान गेली वीस-पंचवीस वर्षे सातत्याने केले जात आहे. ज्या पिढीचे तारुण्य १९९० नंतरच्या उपग्रह वाहिन्यांच्या सहवासात गेले, तीच पिढी आज महाविद्यालयांतून अध्यापन करीत आहे. त्यामुळे या विधानात स्मरणरंजनाचा अंश किती आणि चिकित्सेचा अंश किती, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. गुणवत्ता आणि महत्त्व या दोन भिन्न बाबी आहेत. एखादा कलाप्रकार तंत्रदृष्ट्या प्रगत होत असतानाच सार्वजनिक जीवनातील त्याचे स्थान गमावू शकतो. याउलट साध्या साधनांनी घडलेली कृती समाजमन ढवळून काढू शकते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न भारतातील चित्रपटबाह्य म्युझिक व्हिडिओपुरता मर्यादित ठेवला असून, त्याच्या मूल्यमापनासाठी नाममुद्रा हा एक निकष सुचविला आहे.

नाममुद्रा : निकषाचे स्वरूप

मराठी काव्यपरंपरेला नाममुद्रा अपरिचित नाही. अभंगाच्या अखेरीस संतकवी आपले नाव गुंफतो, शाहीरही आपल्या कवनावर आपली छाप उमटवितो. हा केवळ मालकीचा दावा नव्हे. जे म्हटले आहे त्याची जबाबदारी स्वीकारण्याचा तो प्रकार होय. ध्वनिमुद्रणाच्या युगातही ही प्रथा वेगळ्या रूपाने टिकून राहिली. १९०२ मध्ये कोलकाता येथे गौहर जान यांनी गायन ध्वनिमुद्रित केले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव उच्चारले. ध्वनिमुद्रिका पुढे परदेशात तयार होत असल्याने ओळख पटावी, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. परंतु श्रोत्याच्या दृष्टीने गाणे आणि गाणारी व्यक्ती यांचे नाते त्यातून जोडले गेले.

बोलपटातील पार्श्वगायनाने हे नाते सैल केले. 'महल' (१९४९) या चित्रपटातील गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर आरंभी लता मंगेशकर यांचे नाव नव्हते. 'कामिनी' हे चित्रपटातील पात्राचे नाव होते. आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, ही व्यवस्था पुढे इतकी अंगवळणी पडली की गाणे 'पाहणे' म्हणजे नटनटींना पाहणे, असाच अर्थ रूढ झाला. मुंबई दूरदर्शनवरील 'छायागीत' हा कार्यक्रम आवडीने पाहणाऱ्या पिढ्यांना गायक माहीत होते, परंतु ते पडद्यावर क्वचितच दिसत.

या पार्श्वभूमीवर भारतीय म्युझिक व्हिडिओचे वेगळेपण स्पष्ट होते. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तेथील गायक लोकांना आधीच चेहऱ्याने परिचित होते. जॉन लँडिस यांनी दिग्दर्शित केलेला मायकल जॅक्सन यांचा सुमारे चौदा मिनिटांचा 'थ्रिलर' (१९८३) हा त्या परिचिताला कथापटाची भव्यता देणारा प्रयोग होता. आपल्याकडे म्युझिक व्हिडिओने केलेले कार्य याहून मूलभूत होते. त्याने आवाजाला त्याचा स्वतःचा चेहरा परत मिळवून दिला.

उभारीचा काळ : १९९५ ते २००१

या घडामोडीची पूर्वखूण १९८८ मध्ये दूरदर्शनवरून प्रसारित झालेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा' या गीतात आढळते. पंडित भीमसेन जोशी, एम. बालमुरलीकृष्ण, लता मंगेशकर अशा कलावंतांना गाताना पाहण्याचा तो देशव्यापी अनुभव होता. पुढे १९९४ मध्ये चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये एमटीव्हीची भारतीय वाहिनी सुरू झाली आणि इंडिपॉपला हक्काचे व्यासपीठ मिळाले.

१९९५ मधील अलिशा चिनॉय यांचा 'मेड इन इंडिया' हा केन घोष यांनी दिग्दर्शित केलेला व्हिडिओ या काळाचा प्रातिनिधिक नमुना मानता येईल. अलिशा यांनी तत्पूर्वी हिंदी चित्रपटांसाठी पुष्कळ पार्श्वगायन केले होते; येथे मात्र त्या स्वतः केंद्रस्थानी आहेत. वराची निवड त्या करतात आणि लाकडी खोक्यातून अवतरणारा मिलिंद सोमण हा पाहिला जाणारा पुरुष ठरतो. राजवाडा, हत्ती, साप असे पौर्वात्य देखाव्याचे सारे साहित्य त्यात असले, तरी पाहणारी स्त्री आणि पाहिला जाणारा पुरुष ही उलटापालट त्या काळी लक्षणीय होती. लकी अली यांचा 'ओ सनम' (१९९६) महेश मथाई यांनी इजिप्तमध्ये चित्रित केला. दलेर मेहंदी यांच्या 'तुनक तुनक तुन' (१९९८) मध्ये तर संगणकनिर्मित पार्श्वभूमीवर एकट्या गायकाचीच अनेक रूपे नाचताना दिसतात. त्यांच्या गाण्यांची लोकप्रियता व्हिडिओतील सुंदर तरुणींमुळे आहे, या टीकेला दिलेले ते उत्तर होते, असे सांगितले जाते. नाममुद्रेचा इतका ठळक आग्रह अन्यत्र क्वचितच आढळेल.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. शुभा मुद्गल यांनी गायिलेल्या 'मन के मंजीरे' या व्हिडिओत पडद्यावर मध्यवर्ती भूमिका मीता वसिष्ठ यांची आहे. छळाचा संसार सोडून मालमोटार चालविणारी स्त्री त्यांनी साकारली असून, स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधात काम करणाऱ्या 'ब्रेकथ्रू' या संस्थेने ही निर्मिती केली. मग येथे नाममुद्रा कोठे आहे? तिचे उत्तर असे की नाममुद्रा म्हणजे केवळ चेहरा नव्हे. गाणे कोणी, कोणासाठी आणि कशासाठी रचले हे प्रेक्षकाला स्पष्ट कळते, गायिकेचे नाव त्या विधानाशी जोडलेले राहते आणि दृश्य त्या विधानाला पुष्टी देते; म्हणून या कृतीवर नाममुद्रा आहे. 'पिया बसंती' (२०००) या गीताने उस्ताद सुलतान खान या सारंगीवादकाचे नाव शास्त्रीय संगीताच्या वर्तुळाबाहेर पोहोचविले, हेही येथे नोंदविले पाहिजे. साथीच्या वाद्याचा कलावंत लोकप्रिय गाण्याचा मुख्य गायक ठरणे, ही सामान्य गोष्ट नव्हती.

खंड कोठे पडला?

ऱ्हासाची चर्चा साधारणतः २००२ मधील 'कांटा लगा' या रिमिक्सपाशी येऊन थांबते. त्या वेळचे बहुतेक आक्षेप वेशभूषा आणि अंगविक्षेप यांवर होते. हे आक्षेप नैतिक स्वरूपाचे होते आणि त्यामुळेच मूळ मुद्दा निसटला. 'समाधी' (१९७२) या चित्रपटासाठी लता मंगेशकर यांनी गायिलेले हे गाणे नव्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. प्रेक्षकांच्या स्मरणात शेफाली जरीवाला यांचा चेहरा राहिला. नव्या आवाजाचे नाव मात्र फारच थोड्यांना सांगता येईल. म्हणजे म्युझिक व्हिडिओने जे परत मिळविले होते, ते येथे पुन्हा गमावले गेले. ज्या गायिकेचे नाव एके काळी पात्राच्या नावाखाली झाकले गेले होते, तिच्याच गाण्याच्या नव्या आवृत्तीत दुसऱ्या एका गायिकेचे नाव मॉडेलच्या चेहऱ्याखाली झाकले जावे, हा योगायोग बोलका आहे.

रिमिक्सच्या लाटेला कायद्याचाही आधार घेतला जात होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार, मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे झाल्यानंतर पूर्वसूचना देऊन आणि स्वामित्वशुल्क भरून नवे ध्वनिमुद्रण करता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली, मूळ कृतीतील बदलांवर मर्यादा आणल्या आणि वेष्टनावर ते पुनर्ध्वनिमुद्रण असल्याचे नमूद करणे बंधनकारक केले. नावाचा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नसून न्यायाचाही आहे, याची ही विधिमंडळीय कबुलीच म्हणावी लागेल.

कायद्यापेक्षाही अर्थकारण अधिक प्रभावी ठरले. कॅसेटचा व्यवसाय आटत गेला, ध्वनिफितींच्या अनधिकृत प्रती सर्वत्र मिळू लागल्या आणि वाहिन्यांवरील वेळ चित्रपटांच्या जाहिरातपर गाण्यांनी व्यापला. व्हिडिओंचे कुशल दिग्दर्शकही चित्रपटांकडे वळले. केन घोष यांचा 'इश्क विश्क' २००३ मध्ये आणि प्रदीप सरकार यांचा 'परिणीता' २००५ मध्ये प्रदर्शित झाला. एमटीव्हीने २००३ पासून 'रोडीज'सारख्या कार्यक्रमांचा मार्ग धरला. चॅनल व्हीची भारतीय वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली, तर २०२५ च्या अखेरीस ब्रिटनमधील एमटीव्हीच्या पाच संगीतवाहिन्यांचेही प्रसारण थांबले.

मराठीच्या दृष्टीने मात्र २००२ हे वर्ष केवळ घसरणीचे नव्हते. अवधूत गुप्ते यांचे संगीत आणि वैशाली सामंत यांचा आवाज असलेले 'ऐका दाजिबा' त्याच सुमारास हिंदीबहुल वाहिन्यांवर झळकले. मराठी शब्दांना भाषांतराविना राष्ट्रीय वाहिनीवर स्थान मिळाले आणि गायिकेची ओळखही त्याच गाण्याने दृढ झाली. ऱ्हासाचा एकरेषीय इतिहास लिहिणाऱ्यांनी अशा अपवादांची दखल घेणे आवश्यक आहे.

वाहिनीनंतरचा व्हिडिओ

वाहिन्यांचे द्वार बंद होत असतानाच यूट्यूबचे (स्थापना २००५) द्वार उघडले. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये 'आफत' हा व्हिडिओ आयपॅडच्या साहाय्याने आपल्याच परिसरात चित्रित केला. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचा 'मेरे गली में' प्रसिद्ध झाला आणि या दोघांच्या जीवनप्रवासावरून स्फुरलेला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' २०१९ मध्ये पडद्यावर आला. पूर्वी व्हिडिओ चित्रपटगीतांची नक्कल करतो अशी तक्रार होती. येथे चित्रपटानेच व्हिडिओकडून विषय, भाषा आणि नायक घेतला. रॅपमध्ये गायक आपले नाव गाण्यातच उच्चारतो, ही बाब अभंगाच्या अखेरच्या चरणाशी नाते सांगणारी आहे.

महत्त्व ओसरल्याच्या दाव्याला सर्वांत सबळ उत्तर तमिळनाडूतून मिळते. कोडाईकनाल येथील थर्मामीटर कारखान्यातील पारा-प्रदूषणाविरुद्ध कामगार दीर्घकाळ लढत होते. तो कारखाना २००१ मध्येच बंद झाला होता. जुलै २०१५ मध्ये सोफिया अश्रफ यांचा 'कोडाईकनाल वोन्ट' प्रसिद्ध झाला आणि हा विषय जगभर पोहोचला. मार्च २०१६ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. याचे श्रेय एका गाण्याला देणे कामगारांच्या संघर्षावर अन्याय करणारे होईल. तथापि गाण्याने त्या संघर्षाचा आवाज वाढविला, हे नाकारता येणार नाही. २०१७ मध्ये टी. एम. कृष्णा यांनी एन्नोर खाडीच्या ऱ्हासावर 'पोरम्बोक्कु' हे गीत गायिले. सामाईक जमीन असा मूळ अर्थ असलेला आणि पुढे शिवीवाचक बनलेला शब्द त्यांनी कर्नाटक संगीताच्या शिस्तीत आणला. १९९५ च्या कोणत्याही व्हिडिओने सार्वजनिक प्रश्नाला इतका थेट हात घातल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

तरीही चित्र सर्वस्वी आशादायक नाही. 'एन्जॉय एन्जामी' (२०२१) हे गीत अरिवू यांनी आपल्या आजीच्या, श्रीलंकेतील चहामळ्यांच्या आठवणींशी जोडलेले आहे. ती आजी व्हिडिओतही दिसते. असे असताना ऑगस्ट २०२१ मध्ये एका संगीत-नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर धी यांचे छायाचित्र आले, पण अरिवू यांचे आले नाही, आणि श्रेयाचा जाहीर वाद उद्भवला. या वादातील बाजू भिन्न आहेत; परंतु दलित कलावंताच्या नाममुद्रेचा प्रश्न किती धगधगता आहे, हे त्यातून दिसून आले.

संख्या, तुकडा आणि विस्मृती

प्रेक्षकसंख्येच्या आधारे महत्त्व सिद्ध करण्याचा प्रयत्नही वारंवार होतो. 'गंगनम स्टाइल'ने डिसेंबर २०१२ मध्ये शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. टी-सीरिजची 'हनुमान चालीसा' ३०० कोटींहून अधिक वेळा पाहिली गेल्याची नोंद आहे. परंतु यांतील कित्येक वेळा ती पडद्याकडे न पाहता नित्यपाठ म्हणून लावली जात असणार. संख्या वापर मोजते, पाहणे मोजत नाही.

दुसरी बाब रीलची आहे. २०२४ मधील संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' हे मराठी गीत देशभर पोहोचले, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र त्याचा प्रसार मुख्यतः काही सेकंदांच्या तुकड्यावर इतरांनी केलेल्या असंख्य नृत्यांतून झाला. मूळ व्हिडिओपेक्षा त्याची अनुकरणे अधिक पाहिली जातात. अशा तुकड्यात गीतकार, दिग्दर्शक, छायालेखक यांची नावे सर्वांत आधी गळून पडतात. पूर्वी वाहिनीवर गाण्याच्या आरंभी गीत, गायक आणि अल्बम यांची नावे कोपऱ्यात झळकत. ती लहानशी पाटी हीच अनेकांची संगीतसाक्षरता होती.

तिसरी बाब जतनाची आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यामुळे प्रकाशित ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाते. म्युझिक व्हिडिओला या कायद्याचे छत्र नाही. इंडिपॉपच्या काळातील अनेक कृती आज कोणा रसिकाने घरगुती फितीवरून चढविलेल्या धूसर प्रतींच्या रूपातच आढळतात आणि त्यांसोबतची नावे बहुधा अपुरी असतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, म्युझिक व्हिडिओच्या कारागिरीचा ऱ्हास झालेला नाही. सामाजिक हस्तक्षेपाच्या दृष्टीने तर त्याची ताकद वाढलेली आहे. ऱ्हास झाला आहे तो सामाईक प्रेक्षकत्वाचा आणि नाममुद्रेचा. पहिल्याचे पुनरुज्जीवन आपल्या हाती नाही. एका वेळी एकच गाणे साऱ्या देशाने पाहण्याचे दिवस परतणार नाहीत. दुसऱ्याचे रक्षण मात्र अभ्यासकांच्या आवाक्यात आहे.

मराठी, संगीत आणि जनसंज्ञापन या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या जिल्ह्यातील चित्रपटबाह्य गीतांच्या व्हिडिओंची सूची तयार करावी. गीतकार, गायक, वादक, दिग्दर्शक, छायालेखक, चित्रीकरणस्थळ आणि वर्ष एवढ्या नोंदी त्यात पुरेशा आहेत. कोळीगीते, भीमगीते, जत्रांच्या हंगामात निघणारी भक्तिगीते यांच्या ध्वनिचित्रफिती बाजारातून नाहीशा होत आहेत, तर त्यांतील अनेक कलावंत अद्याप हयात आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे काम फारशा खर्चाविना होऊ शकेल. व्हिडिओ चांगला की वाईट, हा वाद पुढील पिढ्याही घालतील. पण तो कोणाचा होता, हे सांगणारे कोणी उरले नाही, तर त्या वादाला आधारच राहणार नाही.