‘स्वखुशी’चा अर्थ : ‘गीतारहस्य’ व ‘जेव्हा माणूस जागा होतो’ यांतील इच्छास्वातंत्र्याचा विचार (विशेष संदर्भ : सूर्यमाळ परिसर)

सारांश

मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे काय, या प्रश्नाची मराठीतील चर्चा बहुधा कर्मसिद्धांत आणि आत्मविचार यांच्या परिघात होत आली आहे. प्रस्तुत लेखात लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथातील आत्मस्वातंत्र्याची मांडणी आणि गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातील वेठबिगारीचे चित्रण एकमेकांसमोर ठेवून तपासले आहे. सूर्यमाळ परिसरातून वीटभट्ट्यांवर होणारे स्थलांतर हा या तपासाचा संदर्भ आहे.

बीजसंज्ञा : इच्छास्वातंत्र्य, कर्मविपाक, वेठबिगारी, लग्नगडी, उचल, नकार.

प्रस्तावना

सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील डोंगरमाथ्यावरचे गाव. पावसाळ्यात या भागात धुवाधार पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील अनेक पाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. उताराच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिके निघतात. परंतु वर्षभर पुरेल एवढे धान्य अनेक घरांच्या हाती लागत नाही. म्हणून शेतीची कामे आटोपली, दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातील अनेक आदिवासी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई या भागांतील वीटभट्ट्यांची वाट धरतात. जाण्यापूर्वी रोख उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, हिशोब हंगामाच्या अखेरीस होतो आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

या व्यवहाराच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद नेहमी केला जातो : मजूर स्वखुशीने येतात, त्यांना कोणी बांधून आणत नाही. वरवर पाहता तो खराही वाटतो. कोणी दंडाला धरलेले नसते. अंगठा वा सही मजुराचीच असते. तथापि ‘स्वखुशी’ या एका शब्दात तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न दडलेला आहे. माणूस जे निवडतो ते तोच निवडतो काय? की त्याच्याआधी घडून गेलेल्या गोष्टींनी ती निवड अगोदरच केलेली असते?

टिळकांची मांडणी : आत्मा स्वतंत्र, साधने परतंत्र

मराठी गद्यात या प्रश्नाचा सांगोपांग विचार ‘गीतारहस्या’च्या दहाव्या प्रकरणात, म्हणजे ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या प्रकरणात आढळतो. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्माची साखळी अनादी असेल आणि प्रत्येक कर्म पूर्वकर्मातून निघत असेल, तर मनुष्याला उपदेश करण्यात अर्थ काय, असा प्रश्न तेथे सरळ उपस्थित केला आहे.

टिळकांचे उत्तर असे की, मन आणि बुद्धी ही प्रकृतीची कार्ये असल्यामुळे ती कर्माच्या कक्षेत येतात. म्हणून स्वातंत्र्य त्यांचे नव्हे, तर आत्म्याचे मानले पाहिजे. ‘इच्छास्वातंत्र्य’ या शब्दापेक्षा ‘आत्मस्वातंत्र्य’ या शब्दावर त्यांचा भर आहे, तो यामुळेच. प्रेरणा देण्यापुरता आत्मा स्वतंत्र आहे; ती प्रत्यक्षात आणण्यासाठी मात्र त्याला देहेंद्रियरूपी साधनांची गरज लागते, हेही ते मान्य करतात.

या मांडणीचे बळ मोठे आहे. राजद्रोहाच्या शिक्षेखाली सहा वर्षे बंदिवासात काढणारा लेखक, कोणत्याही परिस्थितीत माणसाच्या ठायी काही तरी अबाधित उरते असे सांगतो, तेव्हा त्या विधानाला अनुभवाचे वजन प्राप्त होते. परंतु तिची मर्यादाही येथेच आहे. बंदिवानाचा आत्मा स्वतंत्र असतो हे मान्य केले, तरी तुरुंगाची भिंत जागची हलत नाही. साधनांची चर्चा देह, इंद्रिये आणि बुद्धी यांच्याशी येऊन थांबते. जमीन, धान्य, मजुरी आणि कर्ज ही साधने तिच्यात येत नाहीत. परिणामी उचल घेणारा मजूर आत्मदृष्ट्या स्वतंत्र आणि व्यवहारात बांधलेला, अशी विभागणी कायम राहते. ‘स्वखुशी’ म्हणणाऱ्याला ही विभागणी सोयीची असते, मग टिळकांचा हेतू तसा नसला तरी.

परुळेकरांचे चित्रण : झोप की भीती?

‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याचा विषय तत्त्वज्ञान नाही. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींचा वेठीविरुद्धचा लढा हा आहे. लढ्याचे केंद्र उंबरगाव, डहाणू, तलासरी या पट्ट्यात होते. सूर्यमाळचा डोंगराळ भाग त्या केंद्राबाहेरचा. तरीही वेठ आणि लग्नगडी यांचे जे चित्र पुस्तकात येते, त्यावाचून उचलीचा अर्थ नीट उमगत नाही.

लग्नगडी म्हणजे लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घेऊन त्या बदल्यात बायकोसह त्याच्याकडे राबणारा माणूस. कर्ज फिटल्याचा दिवस बहुधा उजाडत नसे. येथेही सुरुवातीला एक ‘होकार’ होता. कर्ज मागणारा स्वतः मागत असे. लग्न करावे ही इच्छा त्याची स्वतःची, अगदी माणूसपणाची. आणि तीच त्याला बांधणारी दोरी ठरे. इच्छा खरी होती, पण तिच्या पूर्तीचा मार्ग एकाच दारातून जात होता. ‘स्वतंत्र इच्छा’ आणि ‘खरी इच्छा’ या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या प्रथेइतके स्पष्ट क्वचितच कशातून होते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली. तेथे आलेल्या वारल्यांच्या प्रतिसादातून पुढे २३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद भरली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असा निर्धार करण्यात आला. त्यानंतरच्या गवतकापणीच्या हंगामात ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरीची मागणी करून संप झाला. मागणीच्या आधी नकार आला, हा क्रम लक्षणीय आहे.

पुस्तकाच्या शीर्षकातील रूपकाविषयी मात्र एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. ‘जागा होतो’ म्हटले की आधी माणूस झोपला होता असे ठरते. प्रत्यक्षात पुस्तकातील आदिवासी झोपलेला दिसत नाही. तो भ्यालेला दिसतो. आपल्यावर अन्याय होतो हे त्याला कळते, बोलल्यास काय होईल हेही कळते, आणि म्हणून तो परक्यापुढे गप्प राहतो. हे गप्प राहणेही एक प्रकारचे निवडणेच आहे, जरी त्या निवडीला जागा अत्यंत थोडी असली तरी. परिस्थितीच माणसाला सर्वस्वी घडवते असे म्हटले, तर तीच परिस्थिती कायम असताना १९४५ मध्ये नकार कोठून आला, याचा उलगडा होत नाही. दडपणाखालीही काही तरी शिल्लक उरते हा टिळकांचा आग्रह येथे उपयोगी पडतो. टिळकांना न दिसलेली साधने परुळेकर दाखवतात. परुळेकरांच्या रूपकात निसटलेली प्रेरणा टिळक दाखवतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आदिवासींनी परुळेकरांना ‘गोदाराणी’ म्हटले. राणी म्हणणाऱ्याची इच्छा स्वतंत्र झाली, की आज्ञापालनाचे केवळ स्थान बदलले? १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. जेठ्या गांगड हे त्यांपैकी एक. बाईंच्या जिवाला धोका असल्याची खोटी बातमी पसरवून लोकांना तेथे बोलावण्यात आले, अशी चळवळीच्या बाजूची नोंद आहे. ती लक्षात घेतली, तर नव्याने लाभलेल्या निष्ठेचाही वापर त्याच माणसांविरुद्ध करता येतो, हे मान्य करावे लागते. तथापि वेठीचे पालन एकट्याने आणि भीतीपोटी होत असे. बावट्याखालचे जमणे समूहाने आणि जोखीम ओळखून झाले. हा फरक लहान नाही.

प्रयोगशाळेतील बोट आणि डोंगरावरचा अंगठा

आधुनिक विज्ञानात हा प्रश्न बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगामुळे नव्याने चर्चेत आला. हात हलवण्याची इच्छा झाल्याचे माणसाला जाणवण्यापूर्वीच मेंदूतील विद्युत्-हालचाल सुरू झालेली असते, असे त्यांना आढळले. या हालचालीच्या अर्थाविषयी पुढे मतभेद झाले. २०१२ मध्ये आरोन शुर्गर व सहकाऱ्यांनी तिचा वेगळा अन्वय मांडला. स्वतः लिबेट यांनी मात्र उमटलेली कृती शेवटच्या क्षणी रोखण्याची शक्यता माणसाकडे राखून ठेवली होती. म्हणजे येथेही स्वातंत्र्याची जागा ‘नाही’ म्हणण्यात शोधली गेली.

परंतु प्रयोगातील हालचालीत काहीही पणाला लागलेले नसते. उचलीच्या कागदावर उमटणाऱ्या अंगठ्यामागे मुलाचे आजारपण, रिकामी होत आलेली कणगी आणि मागील बाकी असते. हा निर्णय क्षणाचा नसून महिन्यांचा असतो. तो मोजायला वेगळे माप लागते.

असे माप न्यायव्यवस्थेने काही अंशी घडवले आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ मध्ये झाला. १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात न्या. पी. एन. भगवती यांनी संविधानाच्या अनुच्छेद २३ चा अर्थ लावताना, भूक आणि दारिद्र्य यांमुळे दुसरा पर्याय उरत नाही तेव्हा तीही सक्तीच होय, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम सक्तीचे श्रम ठरते, असा निर्वाळा दिला. आत्मा स्वतंत्र आहे की नाही, यावर न्यायालयाने मत दिले नाही. नकार देणे शक्य होते काय, एवढेच पाहिले. महाराष्ट्राने १९७७ मध्ये केलेल्या रोजगार हमी कायद्याकडेही या दृष्टीने पाहता येते. गावातच वेळेवर काम आणि दाम मिळाले, तर सूर्यमाळच्या माणसाला उचल नाकारता येते. मग तो भट्टीवर गेला, तरी ते जाणे निराळे ठरते.

निष्कर्ष

१. ‘गीतारहस्या’तील आत्मस्वातंत्र्याची मांडणी माणसाच्या अबाधित प्रेरणेची हमी देते, तथापि साधनांची व्याप्ती देहबुद्धीपुरती ठेवल्यामुळे कर्जबद्ध माणसाच्या प्रश्नापाशी ती अपुरी पडते.

२. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न सामाजिक भूमीवर आणते. मात्र जागृतीच्या रूपकामुळे भ्यालेल्या माणसाची जाण झाकली जाते.

३. इच्छा खरी असणे आणि इच्छा स्वतंत्र असणे यांत भेद करणे आवश्यक आहे. लग्नगडी आणि उचल या दोहोंत इच्छा खरी आहे, पण नकाराची वाट बंद आहे.

४. स्वातंत्र्याची कसोटी होकारात नव्हे, तर नकाराच्या शक्यतेत शोधली पाहिजे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला स्वखुशी म्हणणे हा भाषेचा गैरवापर ठरतो. दिवाळीनंतर सूर्यमाळच्या उतारावरून खाली जाणाऱ्या कुटुंबाची इच्छा स्वतंत्र आहे काय, याचे उत्तर म्हणूनच त्याच्या मनात जितके आहे, तितकेच त्याच्या कणगीत आणि मागील बाकीतही आहे.