पाच मिलिमीटरची शिस्त

अन्ननलिकेच्या दाहाची ‘लॉस एंजेलिस’ प्रतवारी म्हणजे जेमतेम चार वाक्यांचा मजकूर. १९९४ साली लॉस एंजेलिसला भरलेल्या पचनविकारतज्ज्ञांच्या जागतिक परिषदेत ती मांडली गेली. १९९९ मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती पारखून छापली गेली. दुर्बीण घालून तपासणी झाली की रिपोर्टवर ‘ग्रेड ए’, ‘ग्रेड बी’ असं जे अक्षर येतं, ते बहुतेकदा याच वाक्यांतलं. डॉक्टर ती रोज वापरतात. लेखन म्हणून ती वाचावी, तर पहिली दाद द्यावी लागते ती गाळलेल्या मजकुराला.

आधी दृश्य पाहू. निरोगी अन्ननलिकेचं अस्तर फिकट, मोतिया-गुलाबी असतं. खाली जठराचं तांबूस अस्तर लागतं आणि दोन रंगांची नागमोडी सीमा दिसते. आम्ल वारंवार वर येऊ लागलं की या सीमेलगत अस्तर फाटून चरे पडतात. अन्ननलिका सैल असताना अस्तराला उभ्या घड्या पडलेल्या असतात, शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या; चरे बहुधा वरंब्याच्या माथ्यावर उमटतात.

प्रतवारी नेमकी इथे नजर रोखते. चरा पाच मिलिमीटरपर्यंतचा असेल तर ए. त्याहून लांब, पण शेजारच्या माथ्याला न भिडलेला असेल तर बी. सरी ओलांडून दोन किंवा अधिक माथे सलग जोडले, पण परिघाचा ७५ टक्क्यांहून कमी भाग व्यापला, तर सी. ७५ टक्के किंवा त्याहून जास्त व्यापला, तर डी. गंमत अशी की प्रत्येक पायरीवर मोजमापच बदलतं: आधी लांबी, मग ओलांडणं, शेवटी वेढा. आणि चारही वाक्यांत ‘सौम्य’, ‘तीव्र’ असं एकही विशेषण नाही.

गाळलं काय? लाली आणि सूज. एकाला जे लालसर वाटतं ते दुसऱ्याला नेहमीचंच वाटतं. म्हणून कडा स्पष्ट दिसणारा चराच तेवढा मोजायचा. आधीच्या सॅव्हरी-मिलर पद्धतीत व्रण, अन्ननलिकेचं आकसणं आणि बॅरेट हा अस्तरबदल वरच्या श्रेणीत एकत्र येत. इथे त्यांची नोंद वेगळी करायची, अक्षरात मिसळायची नाही.

कारणांबद्दलही मजकूर गप्प आहे. हायटस हर्निया (म्हणजे जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकणं), सुटलेलं पोट, धूम्रपान, मद्य, रक्तदाबाची काही औषधं यांनी धोका वाढतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांत हे चरे जास्त दिसतात. हे सगळं रुग्णाच्या कहाणीत येतं, चऱ्याच्या वर्णनात नाही. छातीतल्या जळजळीलाही तिथे जागा नाही, आणि ते योग्यच आहे. रोज घशाशी येणाऱ्या कित्येकांचं अस्तर स्वच्छ निघतं. उलट एखाद्या वयस्क माणसाची फारशी तक्रार नसते आणि दुर्बिणीत सी किंवा डी दिसतो. सरासरीचा हिशेब मात्र जुळतो: १९९९च्या निबंधात ग्रेड चढत गेला तसा अन्ननलिकेचा आम्लाशी संपर्कही वाढलेला आढळला.

उणीव काढायचीच तर अक्षरांच्या क्रमात काढावी. ए, बी, सी, डी वाचताना जिना चढल्याचा भास होतो आणि आज ए असलेला उद्या डीवर जाणारच, अशी धास्ती बसते. तसं बहुतेकदा होत नाही. उलट ए निरोगी माणसांतही सापडतो. म्हणूनच २०१८च्या ‘लिऑन सहमती’नं, म्हणजे तज्ज्ञांनी एकमतानं ठरवलेल्या निदानाच्या निकषांनी, फक्त सी आणि डी यांना आम्लविकाराचा पक्का पुरावा मानलं. पुढच्या सुधारणेत बीलाही मान्यता मिळाली, ए बाहेरच राहिला. पाच मिलिमीटरच्या त्या रेषेवर आता निदान ठरू लागलं.

सी किंवा डी आल्यावर साधारण आठ आठवडे आम्लरोधक औषध देऊन डॉक्टर पुन्हा दुर्बीण घालायला सांगतात, कारण भाजलेल्या अस्तराखाली बॅरेट झाकलेला राहू शकतो. तेव्हा रिपोर्टवरचं अक्षर त्या दिवशी दिसलेल्या चऱ्यापुरतं वाचावं. त्याहून जास्त सांगण्याचा दावा त्या चार वाक्यांनी केलेलाच नाही, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो तो त्यामुळेच.