खेळातले न्यायालय

साहित्यविषयक पत्रिकेत दूरचित्रवाणीवरील करमणुकीची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांत मुलांच्या कानांवर पडणारी घराबाहेरची मराठी बव्हंशी याच पडद्यावरून येते, हे त्याचे उत्तर. म्हणून ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा (२०२४) विचार आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

१९९९ साली नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ या नावाने जन्मलेल्या या खेळाची रचना साधी आहे. माणसे एका घरात कोंडायची, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तोडायचा आणि कोणाला घालवायचे ते त्यांनाच सुचवायला लावायचे. जो एकटा, तो आधी बाहेर. त्यामुळे गट पडणे ही केवळ स्वभावाची विकृती राहत नाही. ती नियमांचीच मागणी असते.

पाचव्या पर्वात ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगांवकर यांच्याशी निक्की तांबोळी ज्या भाषेत बोलल्या, तिच्यावर प्रेक्षकांनी रोष व्यक्त केला. पंढरीनाथ कांबळे यांच्या अभिनयाची खिल्ली उडविल्याबद्दल जान्हवी किल्लेकर यांना सूत्रसंचालक रितेश देशमुख यांनी खडसावले आणि घरातल्या तुरुंगात बसविले. निक्की यांना थप्पड मारणाऱ्या आर्या जाधव यांची मात्र थेट हकालपट्टी झाली. हात उचलणाऱ्यास घराबाहेर काढणारा नियम जिभेपुढे तुरुंगाच्या देखाव्यावर थांबतो. चोवीस तासांतून निवडलेला तासाभराचा ऐवजच आपल्यासमोर येत असल्याने व्यक्तींविषयी अंतिम निवाडा आम्ही करणार नाही. पण जे निवडून दाखविले गेले, त्याची जबाबदारी निवडणाऱ्यावर राहतेच.

येथे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची आठवण अपरिहार्य आहे. तेथेही वेळ घालविण्यासाठी खेळ मांडला जातो, आणि ‘हा तर खेळ’ या सबबीखाली एक मंडळ लीला बेणारेला घेरते. न्यायाधीश झालेले काशीकर आसन सोडून साक्षही देतात. दूरचित्रवाणीवरील न्यायासनाची अडचण याच जातीची आहे. ज्या संघर्षावर कार्यक्रम चालतो, त्याचीच कानउघाडणी आठवड्याच्या शेवटी कार्यक्रमाचा सूत्रधार करतो. फरक एवढाच की तेंडुलकर प्रेक्षकाला अस्वस्थ करून घरी पाठवितात. येथे त्याच्या हाती मत देऊन त्याला निर्दोष ठरविले जाते.

अंती सुरुवातीस बुजलेला सूरज चव्हाण विजयी झाला आणि न्याय झाल्याचे समाधान अनेकांना लाभले. २००७ साली इंग्लंडमध्येही असेच घडले होते. शिल्पा शेट्टी यांना मिळालेल्या वांशिक स्वरूपाच्या वागणुकीविरुद्ध चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, प्रायोजकाने हात काढून घेतला आणि विजय शेट्टींचाच झाला. दुर्बळाच्या पारड्यात मत टाकणारा प्रेक्षक सहृदय असतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ते मत देण्याआधी त्याने तो छळ रोज रात्री, जेवणाच्या ताटावर बसून, पाहिलेला असतो.

मुलांना टोमण्यांची मराठी आपोआप येईल. एकट्या पडलेल्याच्या बाजूने त्याच क्षणी बोलण्याची मराठी मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनाच शिकवावी लागेल.